काजळीच्या मानेचं माप

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, हे कशासाठी, अक्रोड फोडायला का? मला त्याचा राग येतो, पण दोष त्याचा नाही. दोन पोलादी जबडे, त्यांना जोडणारी एक सरकती पट्टी, पट्टीवर मिलिमीटरच्या बारीक रेघा आणि अंगठ्याखाली फिरणारं एक लहानसं चाक, एवढंच माझं रूप. मी कॅलिपर आहे, गाईगुरांच्या कातडीची जाडी मोजणारा. आता मी म्हातारा झालो. माझ्या रेघांमधला काळा रंग बराचसा उडाला आहे आणि मला कुणी हातात घेत नाही. पण माझी हकीकत ऐकण्यासारखी आहे. ऐकायला गोड नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म अवजारांच्या कारखान्यात झाला. आम्ही एका खेपेला चाळीस भावंडं घडलो. घडणं सोपं होतं, पास होणं अवघड. जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक तपासनीस बाई आमच्या जबड्यांत तीन वेळा पोलादी पट्टी धरायची. पट्टी पाच मिलिमीटरची असेल तर आम्ही पाचच दाखवायचे, पावणेपाचही नाही. माझ्या शेजारचा भाऊ केसभर चुकला. तिने त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही, सरळ भंगाराच्या टोपलीत टाकला. मी तिन्ही वेळा बरोबर निघालो. त्या दिवशी माझ्या अंगात जो ताठा भरला, तो पुढे बरीच वर्षं उतरला नाही.

निळ्या कापडाचं अस्तर लावलेल्या डबीत बसून मी एका पशुसंशोधन केंद्रात आलो. शहराच्या कडेला पत्र्याचे तीन लांब गोठे, एक प्रयोगशाळा, चारा कापायचं यंत्र, दूध मोजायची खोली आणि सत्तर-बहात्तर गाई. तिथे गाईंच्या रोगांचा अभ्यास चालायचा. कुठली गाय ताप सोसते, कुठली नाही, आणि आईचा काटकपणा लेकीत उतरतो का, हे शोधण्यात तिथली माणसं गढलेली असायची. केंद्राचे प्रमुख म्हणजे थोरले डॉक्टर. पांढऱ्या मिशा, खिशाला तीन पेनं आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी मला डबीतून काढलं आणि नुकत्याच कामावर आलेल्या एका तरुण मदतनिसाच्या हातात दिलं. हाच माझा धनी. सगळे त्याला मापारी म्हणत, कारण गाईंचं वजन, दूध, चारा, ताप, सगळं मोजण्याचं काम त्याच्याकडे होतं.

थोरल्या डॉक्टरांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि स्वतःचं कोपर पुढे केलं. म्हणाले, माझ्या कातडीची घडी धर आणि मोज. मापाऱ्याने उत्साहाच्या भरात मला असं काही आवळलं, की डॉक्टर कळवळून उठले. मग मिशीतल्या मिशीत हसत त्यांनी त्याला पुन्हा मोजायला लावलं. एकदा नाही, वीस वेळा.

"हे बघ," ते म्हणाले, "ह्याच्यात स्प्रिंग नाही. दाब तुझ्या अंगठ्याने द्यायचा. घडी निसटणार नाही, एवढाच दाब. त्यापुढे दाबशील तर तुला हवा तो आकडा काढता येईल."

मित्रांनो, हे वाक्य मला फारसं आवडलं नव्हतं. माझ्यासारख्या पास झालेल्या अवजाराकडून हवा तो आकडा काढता येतो म्हणजे काय? पण मापाऱ्याने ते मनावर घेतलं. महिन्याभरात त्याचा हात इतका बसला, की एकाच गाईला चार वेळा मोजलं तरी चारही वेळा तोच आकडा यायचा. थोरले डॉक्टर निवृत्त होताना म्हणाले, की केंद्रात भरवशाच्या दोनच वस्तू आहेत, हा कॅलिपर आणि ह्याचा अंगठा. मापारी लाजून पाया पडला. त्याच्या खिशातून मीही वाकलो.

माझं खरं काम वर्षातून दोनदा यायचं. गाईंना क्षय होतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. माणसांना होतो तसाच. टीबी म्हणतात ना, त्याचा जवळचा नातेवाईक. रोग आत शिरला तरी गाय कित्येक महिने धडधाकट दिसते, खाते, पिते, दूध देते. म्हणून तिची परीक्षा घ्यावी लागते. मानेवरचे दोन बोटं रुंद केस कापायचे, तिथली कातडी चिमटीत धरून मला लावून मोजायची, मग त्याच जागी परीक्षेचं औषध अगदी थोडं टोचायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. जाडी वाढली नाही, तर गाय निरोगी. दोन-तीन मिलिमीटर वाढली, तर संशय. मग तिला वेगळी बांधून दोन महिन्यांनी पुन्हा परीक्षा. चार किंवा त्याहून जास्त वाढली, तर ती गाय कळपात ठेवायची नाही. तिला गाडीत चढवतात आणि ती परत येत नाही. चार रेघांचा हा मामला. त्या रेघा माझ्या अंगावर होत्या, म्हणून तिसऱ्या दिवशी सगळा गोठा माझ्याकडे जीव मुठीत धरून बघायचा. खरं सांगतो, त्या वयात मला त्याची गंमत वाटायची.

अठरा वर्षं आमची अशी गेली. अधूनमधून एखादी गाय सापडायची. मापारी आकडा मोठ्याने सांगायचा, बाई तो रजिस्टरात लिहायच्या. बाई म्हणजे डॉक्टरबाई, थोरल्या डॉक्टरांनंतर केंद्राच्या प्रमुख झालेल्या. त्या बोलायला कमी आणि कामाला वाघ. गोचीडतापाने गाई पटापट मरतात, पण एका घराण्यातल्या गाई त्यातून हमखास वाचतात, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. आजी वाचली, आई वाचली, लेक वाचली. का वाचतात, हे शोधण्यात बाईंची बारा वर्षं गेली होती. त्या घराण्याची एकेक गाय म्हातारपणाने, अपघाताने, बाळंतपणात जात गेली आणि शेवटी उरली एक, तिच्या दोन लेकी आणि तिच्या पोटातलं वासरू. तिच्या कानातल्या बिल्ल्यावर एक्केचाळीस लिहिलेलं होतं. डोळ्यांभोवती काळी कड होती, म्हणून सगळे तिला काजळी म्हणत.

हे नाव ठेवलं होतं वहिनींनी. वहिनी म्हणजे मापाऱ्याची बायको, गोठ्यात धारा काढायच्या. काजळीची आई ती तीन दिवसांची असताना गेली. मग ह्या नवरा-बायकोने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. म्हणून काजळीवर जीव लावला असं कुणी म्हटलं, की वहिनी फणकारायच्या. मूल वेगळं आणि गाय वेगळी, एवढं कळतं मला, म्हणायच्या. पण बोलताना मात्र बाकीच्या गाई नंबराने आणि काजळी तेवढी 'आपली'.

केंद्राचं दूध मोठ्या यंत्रात तापवून मगच बाहेर जायचं. धारा काढणाऱ्यांची मात्र एक जुनी सवय होती. पहिल्या बादलीतलं धारोष्ण दूध पितळी पेल्यात घ्यायचं आणि उभ्या उभ्या पिऊन टाकायचं. वहिनी रोज काजळीचंच प्यायच्या. मापाऱ्याला दूध पचत नसे, तो चहावाला. वहिनी ओठावरचा फेस पुसत त्याला चिडवायच्या, की गाई मोजण्यात जन्म गेला आणि दुधाची चव माहीत नाही.

आता ती गोष्ट येते, जी सांगताना मला आजही लाज वाटते.

त्या वर्षीच्या परीक्षेत पहिल्या दिवशी काजळीची घडी सात मिलिमीटर भरली. तिसऱ्या दिवशी मापारी आणि बाई गोठ्यात आले. गाईला उभी करून अडकवायचा लोखंडी खोडा असतो, त्यात एकेक गाय यायची, मापारी आकडा सांगायचा, बाई खोड्यापासून चार हातांवर टेबलाशी बसून लिहायच्या. सात, सात. सहा, सहा. आठ, आठ. सगळं सुरळीत चाललं होतं. मग काजळी आली. मापाऱ्याने तिच्या मानेवरून हात फिरवला आणि त्याचा हात थांबला. कातडीखाली लिंबाएवढी सूज होती, गरम आणि भिजवलेल्या कणकेसारखी मऊ.

त्याने मला लावलं. हलक्या हाताने, शिकवल्याप्रमाणे. मी बारा दाखवले. सातचे बारा. पाचचा फरक.

मापाऱ्याने अंगठा तसाच धरून ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, काजळीकडे पाहिलं, मग पाठमोऱ्या बसलेल्या बाईंकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात काजळीच्या रक्ताचे शेवटचे नमुने घ्यायचे होते. तीन आठवड्यांत ती विणार होती. तिच्या जोरावर बारा वर्षांचं काम तडीला जायचं होतं. आणि घरी वहिनी वाट बघत असणार. माशी चावली असेल, त्याच्या मनात आलं असावं. सुई तिरकी गेली असेल. पुढच्या खेपेला बघू, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.

आणि त्याने अंगठा दाबला.

ताजी सूज पाण्याने भरलेली असते, मित्रांनो. दाबली की पाणी बाजूला सरकतं. हे बाहेरच्या माणसाला सुचलं नसतं. अठरा वर्षं त्याच कामात मुरलेल्या माणसालाच ठाऊक, किती दाबलं की किती उतरतं. अकरा. दहा. काजळीने मान झटकली, तिला दुखलं. नऊ. माझे जबडे तिच्या मानेत रुतत होते आणि मी काहीही करू शकत नव्हतो. मी खोटा नव्हतो, त्या क्षणी माझ्या जबड्यांमधलं अंतर खरोखर आठच मिलिमीटर होतं. त्या तपासनीस बाईने मला तेव्हाही पास केलं असतं. माझा सगळा ताठा त्या एका मिनिटात उतरला.

"आठ," मापारी म्हणाला.

"एकचा फरक," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "बरं झालं. हिचीच काळजी होती."

त्याने निदान दहा तरी म्हणायचं होतं. संशयित म्हणून काजळी वेगळी बांधली गेली असती, तिचं दूध वेगळं काढलं गेलं असतं. पण वेगळी बांधली तर वासरू जन्मताच तिच्यापासून तोडतील, नमुने घ्यायचे राहतील, लोक चौकशी करतील. एवढं सगळं टाळायचं, तर पूर्ण खोटंच बोलावं लागतं.

संध्याकाळी वहिनींनी भाकऱ्या थापता थापता विचारलं, "आपली कशी आहे?"

"एकचा फरक. काही नाही," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. मी त्याच्या खिशातच होतो. त्याने हात पुष्कळ वेळ धुतले.

काजळी व्यायली. कालवड झाली, आईसारखीच काळ्या कडांच्या डोळ्यांची. बाई प्रयोगशाळेतून धावत आल्या आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं. रक्ताचे नमुने गेले. काजळी ठणठणीत होती, दूध भरपूर देत होती आणि गोठ्यातली वासरं तेच दूध पीत होती. मापारी हळूहळू पुन्हा जेवायला लागला. सहा महिन्यांनी परीक्षा आली तेव्हा तिसऱ्या दिवशी काजळीपाशी त्याने आधी अंगठा सदऱ्याला पुसला. त्याने अगदी हलक्या हाताने मला लावलं. सात. पहिल्या दिवशीही सातच होते. फरक शून्य, सूज नावाला नाही. तो खोड्याला टेकला आणि त्याने डोळे मिटून घेतले. उगाच घाबरलो, माशीच चावली होती, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मीही घातली.

पण त्याच दिवशी दुसऱ्या पाच जनावरांच्या मानेवर सूज निघाली. त्यांतल्या दोन काजळीच्या लेकी. आणि तिसरी तिची सहा महिन्यांची कालवड.

मापाऱ्याने आकडे बरोबर सांगितले. तेरा, चौदा, अकरा.  बाईंनी लिहिलं, रजिस्टर मिटलं आणि पुष्कळ वेळ पेनचं टोपण शोधत राहिल्या. पाचही जनावरं गाडीत चढली. कालवड चढेना, तेव्हा मापाऱ्यानेच तिला ढकलून वर चढवली.

रोग आला कुठून, ह्याचा शोध सुरू झाला. बाईंनी चारा तपासला, पाणी तपासलं, कामगारांच्या छातीचे फोटो काढून घेतले. शेवटी संशय गेला नव्या वळूवर, कारण तो वर्षापूर्वी बाहेरून आला होता. त्याची परीक्षा साफ होती, तरी सावधगिरी म्हणून त्यालाही पाठवलं. कापून पाहिल्यावर त्याची फुप्फुसं स्वच्छ निघाली. बाईंनी अहवाल वाचला आणि म्हणाल्या, "बिचारा फुकट गेला." मापारी तिथेच होता. 

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी त्याने बोलायला हवं होतं. मलाही तसंच वाटलं. पण काजळी साफ होती ना? मी स्वतः शून्य दाखवला होता. तो त्या शून्याला धरून बसला.

त्यानंतर महिन्याभराने वहिनींच्या मानेला गाठ आली. डाव्या बाजूला, कानाखाली, सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी कानाडोळा केला. मग दुसरी आली. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, रवाळ तूप असलं तरी जेवण जाईना. पदराने मान झाकून त्या धारा काढत राहिल्या. एक दिवस त्या केस विंचरत असताना मापाऱ्याला ती गाठ दिसली. त्याने हात लावला. जनावरांच्या माना चाचपण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्याच दिवशी तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला.

दवाखान्यात मीही होतो, त्याच्या खिशात. नर्सने वहिनींच्या हातावर थोडंसं औषध टोचलं आणि तिसऱ्या दिवशी यायला सांगितलं. मापाऱ्याने मान डोलावली, त्याला हे सगळं पाठ होतं. तिसऱ्या दिवशी नर्सने प्लॅस्टिकची पट्टी लावून सूज मोजली. अठरा मिलिमीटर. वहिनी म्हणाल्या, अहो, तुमच्या गाईंसारखंच की हे, आणि हसल्या. त्याला हसता आलं नाही. गाठीतलं पाणी तपासायला गेलं. काही आठवड्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरने अहवाल समोर ठेवून विचारलं, की तुमच्या घरात कच्चं दूध पितं का कुणी? हा माणसांचा नेहमीचा टीबी नाही, गुरांचा आहे.

वहिनींनी अभिमानाने सांगितलं, की त्या लहानपणापासून धारोष्ण दूध पितात, आणि गेली पाच वर्षं तर एकाच गाईचं.

औषधं सुरू झाली. गोळ्या इतक्या जालीम, की त्यांना दिवसदिवस उलट्या व्हायच्या. धारा काढायचं काम सुटलं. केंद्रात मापाऱ्याने नुसता टीबी झाला म्हणून सांगितलं, गुरांचा आहे हे सांगितलं नाही. डॉक्टरने सांगितलं, की बऱ्या होतील, पण वर्ष लागेल, आणि मधेच औषध सोडलं तर सांगता येत नाही.

आणि परीक्षेचा दिवस पुन्हा उगवला. गोठ्यातल्या सहा जागा रिकाम्या झाल्या होत्या. काजळी खोड्यात आली, थोडी वाळलेली, अधूनमधून खोकणारी. मापाऱ्याने मला लावलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जीव तोडून इच्छा करत होतो, की माझ्या पट्टीवर बारा यावेत, चौदा यावेत, म्हणजे ह्या माणसाला काही बोलावं लागणार नाही. पण आले सात. पुन्हा फरक शून्य.

"सात," तो म्हणाला.

बाईंच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी उजेड आला. "म्हणजे हिच्यावर गोचीडच काय, क्षयाचाही परिणाम होत नाही," त्या म्हणाल्या. "लेकी गेल्या, पण ही उरली. मापारी, आपण हिच्यापासून पुन्हा सुरुवात करू. हिला दुसऱ्या केंद्रात हलवायची मी परवानगी मागितली आहे. तिथे सव्वाशे गाई आहेत."

तो गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. रजिस्टर त्याच्या बाजूने होतं. मी त्याच्या बाजूने होतो. तीन परीक्षांत तीन स्वच्छ आकडे आणि ते सांगणारा केंद्रातला सगळ्यात भरवशाचा अंगठा. पण त्याने मला टेबलावर ठेवलं, रजिस्टरच्या शेजारी.

"बाई, हिला कुठे पाठवू नका," तो म्हणाला. "गेल्या वर्षीचा आकडा खोटा आहे. बारा होते. मी दाबून आठ केले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पण आज तर सात आहेत. आजही दाबलंत?"

"नाही. आज खरे सात आहेत. का आहेत, ते मला कळत नाही."

बाई उठल्या, काजळीपाशी गेल्या, तिच्या बरगड्यांना कान लावून ऐकलं. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी त्याला सांगितलं ते मलाही तेव्हाच समजलं. रोग नवा असतो तेव्हा अंग त्याच्याशी झगडतं, म्हणून कातडी सुजते. रोगाने आतून पुरतं पोखरलं, की अंग झगडायचंच सोडून देतं, मग सूज येत नाही. अशा गाईची परीक्षा साफ निघते आणि तीच सगळ्यांत जास्त रोग पसरवते. पहिला आकडा खरा असता, तर पुढच्या शून्याला त्या फसल्या नसत्या.

त्या ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी रजिस्टर उलटं फिरवून त्याच्यापुढे सरकवलं आणि जुनं पान काढून दिलं. त्याने आठवर काट मारली, बारा लिहिले आणि खाली सही केली.

काजळीला गाडीपर्यंत वहिनींनी नेलं. त्या आजारी होत्या, नको म्हटलं तरी आल्या. गाय दुसऱ्या कुणाच्या हाताने चढली नसती. आत काय सापडलं ते मी सांगणार नाही, फक्त एवढंच, की तसल्या फुप्फुसांनी ती वर्षभर दूध कशी देत होती, ह्याचं बाईंनाही नवल वाटलं. मग उरलेल्या गाईही गेल्या. बाईंच्या बारा वर्षांचं काम कागदावर राहिलं आणि मागे तपासून बघायला एकही जनावर उरलं नाही. मापाऱ्याचं काम काढून घेतलं. मला कपाटात टाकलं आणि स्प्रिंगचा नवा कॅलिपर आणला. त्याला दाबता येत नाही, असं म्हणतात.

पण कपाटात टाकण्यापूर्वी, त्याने बाईंना सांगितलं त्या दिवशी, मी रात्रभर त्याच्या घरी, त्याच्या खिशात होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वहिनींना सगळं सांगितलं ते मी ऐकलं. त्या गोळ्या घेत होत्या. पाण्याचा पेला हातात तसाच राहिला. त्याने लिंबाएवढी सूज सांगितली, बारा सांगितले, आठ सांगितले, वळू सांगितला, कालवड सांगितली. तुझ्यासाठी केलं, असं मात्र म्हणाला नाही. तेवढं भान त्याला होतं.

वहिनींनी उरलेली गोळी घेतली. मग म्हणाल्या, "बाईंना नाही सांगितलंत, ते मला समजतं. मी असते तर मीही दाबलं असतं कदाचित."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"पण मला सांगायचं होतंत ना हो," त्या म्हणाल्या. "त्या संध्याकाळी मी विचारलं होतं. घरातल्या घरात सांगायचं. मी दूध उकळून प्यायले असते."

मित्रांनो, कपाटात पडून मी हेच वाक्य आठवत असतो. तेव्हा तुम्हांला माझी हात जोडून विनंती आहे. मोजायचं काम तुमच्याकडे आलं, तर अंगठा हलका ठेवा. आकडा वाईट आला, तर तो मोठ्याने सांगा. आणि तेवढी हिंमत झाली नाहीच, तर निदान त्या दुधाचा पेला ज्याच्या हातात आहे, त्याला तरी सांगा.